थंडीत नदीवर गळाची स्पर्धा: पहिल्यांदा उतरताना

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं हौसेने गळ टाकताय, उन्हाळ्यात बऱ्यापैकी मासे लागतात, पण डिसेंबर उजाडला की फ्लोट हलायचं नाव घेत नाही. आता क्लबने जानेवारीत नीरेवर, सारोळ्याच्या पुलाच्या वरच्या अंगाला स्पर्धा ठेवली आहे. पाच तास, एकूण वजनावर निकाल, आणि तुम्ही नाव देऊन मोकळे झालात. चारा कोणता, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) किती जाडीचा आणि थंडीत मासा मुळात खातो का, हे तुमचे तीन प्रश्न. मी पुण्यात बावीस वर्षं गळ टाकतोय, त्यातली चौदा वर्षं स्पर्धांमध्ये. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो नीट उमगला की बाकीचे दोन निम्मे सुटतात.

खातो. पण कमी खातो, उशिरा खातो आणि खाण्यासाठी लांब जात नाही. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. पाणी साधारण १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार निम्म्यावर येतो: श्वास, हालचाल, पचन, सगळंच. उन्हाळ्यात जे अन्न काही तासांत पचतं, ते थंडीत पोटात बराच वेळ पडून राहतं आणि पोट भरलेलं असलं की मासा आमिषाकडे बघत नाही. रोहू, कटला, मृगळ ही आपली मासळी २५ ते ३० अंशांत खुशीत असते. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा ११-१२ अंशांवर असतो आणि दुपारी २९-३० पर्यंत चढतो, पण पाणी हवेइतकं भराभर बदलत नाही. माझा साधा थर्मामीटर सकाळी आठला नदीत १९-२० दाखवतो, दुपारी उथळ काठाला २२-२३. हे दोन-तीन अंश म्हणजेच तुमची स्पर्धा. सगळी आखणी त्याभोवती करायची.

चिठ्ठ्या टाकून जागा वाटायची, शिट्टीवर सुरुवात करायची, मासे पाण्यातल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचे आणि शेवटी वजन करून सोडून द्यायचे, हा प्रकार मूळचा इंग्लंड-युरोपातला. इंग्लंडमध्ये नद्यांवर १५ मार्च ते १५ जून अशा मासेमारीला बंदी असते, त्यामुळे हिवाळा हा त्यांच्या स्पर्धांचा महत्त्वाचा हंगाम. तिथलं पाणी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं, म्हणून गार पाण्यात थोड्या चाऱ्यावर मासे कसे काढायचे हे त्यांनी फार बारकाईने शिकून घेतलंय. आपलं पाणी तेवढं गार होत नाही. पण आपले मासे उष्ण पाण्यात वाढलेले, त्यांना १९ अंश हीच कडाक्याची थंडी. म्हणून त्यांची पद्धत इथे चालते, फक्त सामान आपलं वापरायचं.

आता मी काय चुकलो ते सांगतो, कारण हीच चूक जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या वर्षी करतो. माझी दुसरी-तिसरी स्पर्धा असेल, भीमेवर एका बंधाऱ्याच्या पाठीमागे. उन्हाळ्यात शेंगदाण्याच्या पेंडीवर मी खूप मासे काढले होते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात दोन किलो पेंड गोळे करकरून टाकली. पाच तासांत एकही मासा लागला नाही. शेजारच्या जागेवर एक निवृत्त शिक्षक होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी सव्वा किलोच्या वर वजन भरलं. वजनं झाल्यावर तिथल्या भोई आबांनी त्यांच्या होडीचा बांबू माझ्या जागेसमोर तळाला टेकवला, जरा फिरवला आणि वर काढून माझ्यापुढे धरला. टोकाला पेंडीचा लगदा जसाच्या तसा, वरून बुळबुळीत आणि आंबूस वासाचा. "पाणी गार झालं की माशाचं पोटबी बारकं व्हतं, दादा. तुम्ही लग्नाचं जेवान वाढलं," असं आबा म्हणाले. थंडीत स्पर्धा हरतात त्या बहुतेक वेळा अशाच हरतात. टाकलेला चारा परत काढता येत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं: चारा कमी आणि हात नियमित. पाच तासांसाठी सुका चारा पाऊण किलोपेक्षा जास्त नेऊच नका. जवळ असला की टाकला जातो.

माझं मिश्रण सांगतो. दोन वाट्या त्याच काठची गाळाची माती, चाळून. एक वाटी गव्हाचा कोंडा, तव्यावर मंद भाजून, खमंग वास सुटेपर्यंत. अर्धी वाटी फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ. पाव चमचा भाजलेल्या मेथीची पूड, त्याहून जास्त नको. शेंगदाणा पेंड थंडीत मी फक्त मूठभर घेतो, वासापुरती, कारण ती तेलकट आणि जड. मातीचं काम पोट भरायचं नाही, गोळ्याला वजन द्यायचं आणि तळाशी हलका गढूळ ढग करायचं. थंडीत पाणी नितळ असतं, त्या गढूळपणात मासा धीर करून येतो. मिश्रण नदीच्याच पाण्याने भिजवायचं आणि दोनदा भिजवायचं: आधी नुसतं ओलसर करून पंधरा मिनिटं ठेवायचं, कोंडा पाणी पिऊन फुगतो, मग पुन्हा शिंपडून रव्याच्या चाळणीने चाळायचं. गुठळी राहिली तर मासा तेवढीच गुठळी खाऊन निघून जातो.

मुठीत एकदाच दाबा. गोळा टिकला पाहिजे आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला पाहिजे. घरी बादलीत टाकून बघा: तळाला जाईपर्यंत अखंड, नंतर मिनिट-दीड मिनिटात उमलायला हवा. वाहतं पाणी असेल तर दोनदा दाबा, नाहीतर गोळा वाटेतच विरघळतो आणि तुमचा चारा खालच्या जागेवरच्या माणसाला कामी येतो.

शिट्टीनंतर लिंबाएवढे तीन गोळे, एकाच ठिकाणी, पलीकडच्या काठावरचं एखादं झाड नेमाला धरून. त्यानंतर दर दहा-बारा मिनिटांनी सुपारीएवढा एक. मासा लागला की एक, वीस मिनिटं काहीच नाही तर उलट थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. शेजारी फ्लोट बुडत असताना आपला हात आपोआप चाऱ्याच्या बादलीत जातो. अशा वेळी मी बादलीवर ओलं फडकं टाकून ती पाठीमागे ठेवतो.

आमिषाचं म्हणाल तर थंडीत गांडुळाला तोड नाही. पुण्यात त्याची चिंता नको: निम्म्या सोसायट्यांमध्ये गांडूळखताचे खड्डे आहेत, माळीकाकांना विचारलं की लाल बारीक गांडुळं मूठभर मिळतात. ती दोन दिवस आधी ओल्या शेवाळात किंवा नारळाच्या काथ्यात ठेवा, स्वच्छ आणि चिवट होतात. अख्खं गांडूळ लावू नका, सेंटिमीटरभर तुकडा पुरे. तुटलेल्या टोकातून रस सुटतो, तोच वास मासा ओढून आणतो. दोन-तीन गांडुळं कात्रीने बारीक करून गोळ्यात मिसळली तर उत्तम.

कणीक हवीच, पण हरभऱ्याएवढीसुद्धा नाही, तुरीच्या डाळीएवढी. मऊ मळा आणि डबीत ओल्या फडक्यात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. गार वाऱ्यात ती घट्ट होते आणि घट्ट कणीक मासा तोंडात घेऊन लगेच टाकतो. ती गळावर टिकावी म्हणून काही जण तिच्यात कापूस मिसळतात. मी मिसळत नाही. आपण मासे सोडणार असतो, त्यांच्या पोटात कापूस गेलेला मला चालत नाही.

तंगुसाचा प्रश्न. उन्हाळ्यातला ०.२५ मिलिमीटरचा घरी ठेवा. रिळावर ०.१८, आणि गळाला जोडलेला शेवटचा हातभर तुकडा ०.१४. तुम्हाला तुटायची भीती वाटेल. रिळाचा ब्रेक सैल ठेवलात आणि रॉड नीट वाकू दिलात तर ०.१४ वर दोन किलोचा सायप्रिनस (कॉमन कार्प) येतो, मी आणलाय. पावसाळ्यातला गाळ जानेवारीपर्यंत बसलेला असतो, पाणी इतकं स्वच्छ की पाच-सहा फुटांवरचा दगड दिसतो, मग जाड दोरा माशाला दिसणारच. गळ १६ आणि १८ नंबरचे. नंबर वाढेल तसा गळ लहान होतो, नवे लोक इथे गोंधळतात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा पटकन सुटतो आणि त्याचं तोंड फाटत नाही. तंगूस सतत ताणलेला ठेवलात तर निसटतही नाही.

फ्लोट जितका हलका तितका चांगला. मी अजूनही मोरपिसाच्या देठाचा फ्लोट वापरतो, आपोआप गळून पडलेल्या पिसाचा. गावाकडे ज्वारीच्या ताटाचा तुकडा वापरतात, तोही गुणाला कमी नाही. मुद्दा एवढाच की शिशाचे मणी लावून तो इतका भरा की पाण्यावर फक्त तांदळाच्या दाण्याएवढं टोक दिसावं. शिशाबद्दल एक गोष्ट. इंग्लंडमध्ये मासेमारीच्या लहान शिशावर १९८७ पासून बंदी आहे, कारण काठाला सांडलेले मणी गिळून हंस मरत होते. आपल्याकडे बंदी नाही, पण हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर किती पक्षी उतरतात ते तुम्ही पाहिलंच असेल. तुटलेला तंगूस आणि सांडलेलं शिसं डबीत भरून घरी आणायचं. आमच्या क्लबात हा नियम आहे, तुमच्याकडे नसला तरी पाळा.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आणि जे कोणी करत नाही ते: पाण्याचा ठाव घेणं. चिठ्ठीत जागा मिळाल्यावर शिट्टीपर्यंत साधारण तासभर असतो. त्यात चहा नंतर प्या. गळाला जड शिसं अडकवा, टाका आणि फ्लोटचं टोक बरोबर पृष्ठभागावर येईपर्यंत खोली जुळवा. मग डावीकडे हातभर, उजवीकडे हातभर, पुढे, मागे. दहा मिनिटांत समोरच्या तळाचा नकाशा तयार होतो. आपल्या नद्यांत वाळू उपशाचे जुने खड्डे असतात: चार फुटांवरून एकदम दहा फूट. माणसाच्या जिवाला ते धोक्याचे, पण थंडीत मासा त्यांच्याच आसपास असतो. सकाळी खड्ड्याच्या तळाशी, दुपारी त्याच्या वरच्या कडेला. म्हणजे कड सापडली की दिवसभराची दोन ठिकाणं सापडली. आमिष थंडीत तळाला टेकलेलं हवं, जेमतेम. मृगळ आणि सायप्रिनस तळ चाळूनच खातात.

थंडीतली खेच ओळखायला शिका, नाहीतर मासे येऊन जातील आणि तुम्ही म्हणाल काहीच नाही. उन्हाळ्यात फ्लोट गपकन खाली जातो. जानेवारीत तो बुडत नाही. मागच्या वर्षी सकाळी साडेदहाची गोष्ट. पाणी काचेसारखं, फ्लोटचं लाल टोक एकाच जागी. मग टोकाभोवती एक अगदी बारीक वर्तुळ उमटलं, पाण्यावर मुंगी पडावी तसं. मी श्वास रोखला. टोक हळूहळू वर आलं, आधी तांदळाएवढं होतं ते गव्हाएवढं झालं, नंतर तुरीच्या शेंगेच्या टोकाएवढं, आणि फ्लोट किंचित कलला. मासा आमिष तोंडात घेऊन तळावरून उठला होता, आणि शेवटच्या मण्याचं वजन त्याने स्वतःवर घेतलं होतं, म्हणून फ्लोट हलका होऊन वर आला. मनगटाने इंचभर उचललं आणि दोर ताणला गेला. नऊशे ग्रॅमचा मृगळ. शेजारचा म्हणाला, "तुमचा फ्लोट तर बुडलाच नाही." वर येणं, कलणं, बाजूला सरकणं, किंवा टाकल्यावर सरळ उभं राहायला नेहमीपेक्षा उशीर लागणं, हे सगळं थंडीत खेच समजायचं.

पाच तासांची आखणी. आठला शिट्टी धरली तर पहिले दोन तास मोठ्या माशाचा विचार करू नका. १८ नंबरचा गळ, छोटा तुकडा, आणि जे लागेल ते: अळकुटीसारखी चंदेरी बारीक मासळी, लहान मृगळ, चिलापी (तिलापिया). दहा-पंधरा ग्रॅमच्या चाळीस अळकुट्या म्हणजे अर्धा किलो, आणि जानेवारीत अर्ध्या किलोवर कितीतरी जणांना मागे टाकता येतं. शिवाय हात गरम होतो, मन शांत होतं. साडेदहाच्या पुढे ऊन पाण्यात उतरतं, तेव्हा चाऱ्याच्या कडेला थोडं मोठं आमिष द्यायचं, चाऱ्याच्या मधोमध नाही. मोठा मासा थंडीत गर्दीत घुसत नाही, बाहेर उभा राहून वाहून आलेलं खातो. शेवटचा दीड तास सर्वांत मोलाचा. नेमके याच वेळी लोक कंटाळून डबे उघडतात. तुम्ही डबा अकराच्या आत उरका.

थंडीत तुमची भिस्त सायप्रिनसवर असू द्या. तो मूळचाच गार पाण्यातला, रोहू-कटला निपचित असताना तो खात असतो. पण एक लक्षात ठेवा: आपल्याकडे तो पावसाळ्याबरोबरच जानेवारी ते मार्चमध्येही अंडी घालतो. पोट फुगलेली मादी लागली तर जाळीत तासन्‌तास ठेवू नका. पंचांना हाक मारा, लगेच वजन करून घ्या आणि सोडा. चांगले पंच याला कधीच नाही म्हणत नाहीत.

जागेची चिठ्ठी नशिबाची, पण ती वाचता आली पाहिजे. नीरा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. पुणे जिल्ह्याचा काठ उत्तरेचा, सातारा जिल्ह्याचा दक्षिणेचा. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिण काठच्या झाडांची सावली त्या काठच्या पाण्यावर दुपारपर्यंत रेंगाळते आणि उत्तर काठाला सकाळपासून ऊन मिळतं. उत्तर काठावर जागा आली तर ऊन तोंडावर येईल, डोळे दिपतील, पण तुमची सावली पाठीमागे पडते आणि समोरचं उथळ पाणी आधी तापतं. पोलराइज्ड चष्मा आणि टोपी असली की झालं. दक्षिण काठ आला तर खोल पाण्यावर भर द्या आणि सावलीची रेघ सरकेल तिच्या उन्हाच्या बाजूला गळ टाकत राहा. रांगेच्या टोकाची जागा मिळाली तर भाग्य समजा, एका बाजूने मासे बिचकवणारं कोणी नसतं. कुठलीही जागा असो, काठाला उभे राहू नका. दोन पावलं मागे बसा, पाय आपटू नका. नितळ पाण्यात काठावरची धप्प मासा अंगाने ऐकतो.

नीरेवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे आवर्तन. रब्बीसाठी भाटघर आणि नीरा देवघरचं पाणी नदीतून खाली वीर धरणात येतं आणि तिथून कालव्यांना जातं. आवर्तन सुरू असेल तर शांत दिसणाऱ्या पाण्याला अचानक ओढ येते, पातळी वीतभर-हातभर वाढते, कचरा आणि जलपर्णीचे पुंजके वाहू लागतात. सुरुवातीचा तासभर मासे बंद होतात. नंतर मात्र काठाच्या आडोशाला, दगडाच्या मागच्या शांत पाण्यात ते गोळा होतात आणि खातात, कारण वाढत्या पाण्याने अन्न सुटतं. म्हणून एक जड फ्लोट आणि एक तळाला बसणारं शिसं जवळ ठेवा. बंधाऱ्याच्या वर जागा असेल तर ढापे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले आहेत की काढलेले, हे आदल्या दिवशी गावात विचारा. त्यावर पाणी उभं की वाहतं हे ठरतं. काठाला खुणेची काडी रोवून ठेवा. काडी बुडायला लागली की सामान आधी वर न्या, मासे नंतर.

धोक्याचं थोडक्यात, पण मनापासून. काठावर कृषिपंपांच्या वायरी पाण्यापर्यंत गेलेल्या असतात आणि वरूनही तारा असतात. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, म्हणून टाकण्यापूर्वी वर आणि मागे बघायचं. उसाच्या बांधावरून पहाटे एकटे चालू नका. थंडीच्या दिवसांत घोणस उन्हाला येऊन पडते, बूट घाला, बॅटरी ठेवा. खड्डे आहेत हे वर सांगितलंच, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा उतरायचं नाही. गळ झाडीत अडकला तर तोडा.

परवानगीचं क्लबने पाहिलंच असेल, पण तुम्हाला माहीत असावं: आपल्याकडे तलाव, जलाशय आणि नदीचे बरेच पट्टे मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. संस्थेच्या होकाराशिवाय गळ टाकणं म्हणजे कुणाच्या तरी ताटात हात घालणं. काठावरच्या भोई मंडळींची जाळी पाण्यात लावलेली असतात, सकाळी जाऊन रामराम करा, जाळी कुठे आहेत विचारा. त्यांना दादा, आबा म्हणून विचारलंत तर कुठे काय लागतंय ते मोकळेपणाने सांगतात. नदी मला जेवढी कळते त्यातली निम्मी या माणसांनी शिकवली आहे. देहूला इंद्रायणीत मात्र गळ टाकायचा विचारही नको, तिथले मासे देवाचे मानतात.

मासे हाताळण्याबद्दल मी कडक आहे. हात ओले करूनच मासा धरायचा. त्याच्या अंगावरचा चिकट थर हे त्याचं कवच, कोरड्या हाताला तो निघून येतो आणि मग बुरशी धरते. काठाच्या मातीवर मासा ठेवायचा नाही. शिंगाळा किंवा शिंगटा लागला तर त्याच्या कल्ल्याजवळच्या आणि पाठीवरच्या काट्यापासून सांभाळा, टोचलं तर दिवसभर ठणकतं. जाळी किमान अडीच-तीन मीटर लांब, खालची बाजू खोल पाण्यात आणि सावलीत. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, म्हणून थंडीत जाळीतले मासे उन्हाळ्यापेक्षा सुखरूप राहतात. तरी दर तासाला जाळी हलवून बघायची. वजनाला ओली झोळी आधी काट्यावर टांगून शून्य करून घ्या. शंभर ग्रॅमच्या फरकावर निकाल लागतात आणि मग वाद होतात.

महसीर लागला तर जाळीत ठेवायचा नाही. पंचांना दाखवून, पाण्यातच गळ काढून, तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत धरायचा. स्वतःच्या बळाने सुटेल तेव्हा सोडायचा. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून याची पिल्लं तयार करून नद्यांत-तलावांत सोडली जातात. इतके कष्ट घेऊन परत आणलेला मासा आहे हा. उलट चिलापीचं. १९५२ मध्ये बाहेरून आणलेला हा मासा आपल्या पाण्यात माजला आहे. आमच्या क्लबात चिलापीचं वजन धरतात, पण परत सोडत नाहीत, काठच्या घरांना देतात.

सामान फार नेऊ नका. एक रॉड हातात, एक तयार बाजूला. बांधलेले दहा गळ. बसायला बुटकी खुर्ची. कानटोपी, दोन थर कपडे, मळकट रंगाचे. थर्मासमध्ये चहा, भाकरी-चटणी. हात धुवायला साबण नको, अत्तर नको, तंबाखूचा हात आमिषाला लावायचा नाही. पेट्रोलच्या वासाचं तर नावच नको: गाडीत पेट्रोल आदल्या रात्री भरून ठेवा.

स्पर्धेआधी एक दिवस तरी त्या पट्ट्यात जाऊन बसा, गळ न टाकता. फक्त ऊन कुठे आधी पडतं, पाणी किती वाजता हलतं, मासा कुठे उसळी मारतो ते बघा. येत्या रविवारी मी थर्मामीटर आणि ठाव घ्यायची दोरी घेऊन सारोळ्याला जाणारच आहे. पहाटे साडेपाचला कात्रजच्या जुन्या बोगद्याअलीकडे थांबा, पुढे एकाच गाडीने जाऊ. गांडुळं मी आणतो, कणीक तुम्ही मळून आणा. मला तिचा मऊपणा बघायचाय.